विडीच्या बंडलावरील चित्र आणि संसदेची देखरेख : उपविधान समितीच्या एका शिफारशीचे परीक्षण

(१)

कायदा विधिमंडळ करते आणि अंमल शासन करते, ही विभागणी पाठ्यपुस्तकात जितकी स्वच्छ दिसते तितकी ती व्यवहारात राहिलेली नाही. विधिमंडळ कायद्याचा सांगाडा उभा करते. त्यात मांस भरण्याचे काम मंत्रालयातील विभाग नियम, आदेश व अधिसूचना यांच्या द्वारा करतात. सामान्य नागरिकाची गाठ बहुधा या दुसऱ्या वस्तूशीच पडते. भंडारा जिल्ह्यात मोहाडीच्या किंवा पवनीच्या एखाद्या घरी सुपात तंबाखू व कातरलेली पाने घेऊन बसलेल्या बाईने संसदेचा कोणताही अधिनियम वाचलेला नसतो. पण तिच्या हजार विड्यांपैकी किती विड्या टाकाऊ म्हणून बाजूला काढता येतील, हे एक नियम ठरवतो, आणि तिने वळलेल्या विड्यांच्या बंडलावर किती मोठे चित्र छापावयाचे हे दुसरा नियम ठरवतो. हे नियम करणाऱ्यांना तिने निवडून दिलेले नसते. ज्यांना निवडून दिलेले असते त्यांनी या नियमांवर नजर ठेवावी, अशी आपल्या राज्यघटनेच्या व्यवस्थेची अपेक्षा आहे.

ही नजर कशी ठेवली जाते, आणि कधी कधी नजर ठेवण्याच्या नावाखाली दुसरेच काही कसे घडते, याचे एक बोधप्रद उदाहरण २०१५ व २०१६ या वर्षांत घडले. तंबाखूच्या वेष्टनावरील इशाऱ्यासंबंधीचे नियम लोकसभेच्या उपविधान समितीने तपासले व ते स्थगित ठेवण्याची शिफारस केली. त्या शिफारशीची चर्चा त्या वेळी आरोग्य विरुद्ध रोजगार अशा स्वरूपात झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती चर्चा अपुरी होती. खरा प्रश्न समितीचे मत बरोबर होते की चूक हा नव्हता. ते मत देण्याचा अधिकार तिला कितपत होता, आणि ते मत ज्या वाटेने अमलात आले ती वाट योग्य होती काय, हा तो प्रश्न होता. विडीच्या जिल्ह्यात बसून या प्रश्नाचा विचार करणे अधिक अगत्याचे आहे, कारण सारा युक्तिवाद येथील कामगारासारख्यांच्या नावाने केला गेला.

(२)

प्रथम समितीच्या मूळ हेतूकडे पाहावयास हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात शासनाची नियम करण्याची सत्ता झपाट्याने वाढली तेव्हा तेथे मोठी अस्वस्थता निर्माण झाली. मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्युअर्ट यांनी १९२९ साली या सत्तेला नवी जुलूमशाही म्हणून हिणवणारा ग्रंथ लिहिला. १९३२ साली डोनोमोर समितीने आपल्या अहवालात अधिक शांतपणे असे प्रतिपादन केले की ही सत्ता अपरिहार्य आहे, म्हणून तिच्यावर देखरेख हवी. तदनुसार १९४४ साली ब्रिटिश लोकसभेने नियम तपासणारी निवड समिती नेमली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या दिल्ली कायदे प्रकरणात हाच मुद्दा मांडला. विधिमंडळाने धोरणाचा गाभा स्वतःकडे ठेवावा, तपशील मात्र दुसऱ्याकडे सोपवता येईल, असे त्या निर्णयाचे सार सांगता येईल. पुढे १ डिसेंबर १९५३ रोजी, ग. वा. मावळंकर सभापती असताना, लोकसभेची उपविधान समिती अस्तित्वात आली. तिचे पंधरा सदस्य सभापती नेमतात आणि मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. महाराष्ट्र विधानमंडळातही त्याच धर्तीची उपविधान समिती आहे.

समितीने काय पाहावयाचे, हे लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत नेमके सांगितले आहे. नियम ३१७ प्रमाणे तिने हे तपासावयाचे की सोपवलेली सत्ता सोपवणुकीच्या मर्यादेत राहून नीट वापरली जात आहे काय. नियम ३२० मध्ये नऊ कसोट्या दिल्या आहेत. नियम मूळ अधिनियमाच्या हेतूशी सुसंगत आहे काय, जी गोष्ट वास्तविक अधिनियमातच यावयास हवी ती त्यात घुसवली आहे काय, त्याने कर बसवला आहे काय, न्यायालयाची वाट अडवली आहे काय, सत्तेचा असाधारण किंवा अनपेक्षित वापर झाला आहे काय, प्रसिद्धीस वा सभागृहापुढे ठेवण्यास अकारण विलंब झाला आहे काय, अशा स्वरूपाच्या त्या आहेत. या यादीत एक प्रश्न मुद्दामच नाही. नियमामागील धोरण शहाणपणाचे आहे काय, असा तो प्रश्न होय. तो विचारण्याची जागा सभागृहात आहे. समितीला सभागृहाचे डोळे म्हणता येईल. सभागृहाची बुद्धी चालवण्याचे काम तिच्याकडे सोपवलेले नाही.

(३)

विडी आणि नियम यांचा संबंध या प्रदेशात जुना आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतरच्या मध्य प्रदेशात होता. १९४८ साली त्या प्रांताच्या विधिमंडळाने शेतीच्या हंगामात विड्या करण्याचे नियमन करणारा अधिनियम संमत केला. शेतीला मजूर मिळावेत हा त्याचा हेतू. हंगाम कोणता व गावे कोणती हे ठरवण्याचे काम जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरकडे सोपवले होते. १९५० साली सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरांनी काही गावांत त्या काळापुरते विड्या करणेच बंद केले. प्रकरण चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निकाल लागला. न्यायालयाने ही बंदी अवाजवी ठरवली. शेतात राबू न शकणारे अपंग, वृद्ध स्त्रिया व मुले यांनाही ही बंदी लागू होते, शेतीच्या कामातून उरलेल्या वेळात विड्या वळणाऱ्यालाही लागू होते, मग शेतीला मजूर मिळण्याशी तिचा संबंध काय, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता.

हा निकाल घटनाशास्त्राच्या विद्यार्थ्याला व्यवसायस्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंधाच्या संदर्भात परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली ही की एका अधिकाऱ्याच्या आदेशाने गावोगावची चूल बंद होऊ शकते, हे त्याने ठळकपणे दाखवले. दुसरी ही की त्या आदेशावर नजर ठेवण्याचे काम त्या वेळी न्यायालयालाच करावे लागले. विधिमंडळाने सत्ता दिली, आणि तिचा वापर कसा होतो हे पाहण्याची कायमची यंत्रणा त्याच्याकडे नव्हती. लोकसभेने तीन वर्षांनी स्थापिलेली समिती ही नेमकी याच उणिवेवर उतारा म्हणून होती. म्हणून त्या समितीचा व्यवहार तपासताना आपण थोडे कठोर होणे उचित आहे.

(४)

आता मुख्य प्रकरण. २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने अधिनियमाने प्रत्येक वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. इशारा सुवाच्य, ठळक आणि आकार व रंग यांनी लक्ष वेधणारा असावा, असे अधिनियमाच्या कलम ८ मध्ये म्हटले आहे. इशाऱ्याचा नेमका तपशील मात्र नियमांवर सोडला. २००८ च्या नियमांनी वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेवर चित्रमय इशारा ठेवला व तो ३१ मे २००९ पासून अमलात आला. १५ ऑक्टोबर २०१४ च्या अधिसूचनेने हे प्रमाण ८५ टक्के झाले. त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, आणि तेही वेष्टनाच्या दोन्ही बाजूंस. अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हावयाचा होता.

त्यापूर्वी मार्च २०१५ मध्ये उपविधान समितीने अंतरिम अहवाल सादर केला. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते. नियम स्थगित ठेवावेत, अशी समितीची शिफारस होती. महिनाअखेरीस आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून अंमलबजावणी लांबणीवर टाकली. जुलै २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या लांबणीला स्थगिती दिली. सप्टेंबरात मंत्रालयाने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख जाहीर केली. मार्च २०१६ मध्ये समितीचा अंतिम अहवाल आला आणि त्यात ८५ ऐवजी ५० टक्क्यांची शिफारस होती. या वेळी शासनाने ती मानली नाही व ठरल्या दिवशी नियम लागू झाले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकांना नियम पाळण्यास सांगितले आणि निरनिराळ्या न्यायालयांतील अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाकडे वर्ग केले. त्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये २०१४ चे नियम रद्द ठरवले. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. ८५ टक्क्यांचे प्रमाण पुढील दुरुस्त्यांतही कायम राहिले.

(५)

या घटनाक्रमावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप अधिकारकक्षेचा. नियम ३२० च्या नऊ कसोट्यांपैकी कोणत्या कसोटीवर ८५ टक्क्यांचा नियम तपासावयाचा होता? एक कसोटी निश्चितच लावता आली असती. इतके मोठे प्रमाण हा तपशील समजावयाचा की ते धोरणच आहे, आणि धोरण असेल तर ते अधिनियमातच यावयास नको काय, हा प्रश्न समितीच्या कक्षेतला होता आणि तो विचारण्यासारखाही होता. कलम ८ मधील शब्दांतून ४० टक्केही निघतात आणि ८५ टक्केही निघतात. ज्या शब्दांतून काहीही निघू शकते त्या शब्दांनी संसदेने आपले धोरण सांगितले असे म्हणावे काय? समितीने हा धागा धरून संसदेनेच प्रमाण ठरवावे असे सुचवले असते, तर तिच्याशी मतभेद असलेल्यालाही तिच्या अधिकाराविषयी शंका घेता आली नसती. त्याऐवजी तिने ८५ च्या जागी ५० हा स्वतःचा आकडा पुढे केला. एक आकडा खोडून दुसरा लिहिणे हे नियमनिर्मात्याचे काम झाले. परीक्षकाने उत्तरपत्रिका तपासावयाची असते, स्वतःचे उत्तर लिहून त्याला गुण द्यावयाचे नसतात.

याला जोडूनच पुराव्याचा प्रश्न येतो. तंबाखू व कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन परदेशी आहे, भारतीय अभ्यास नाही, अशा आशयाचे अध्यक्षांचे विधान त्या वेळी वृत्तपत्रांतून गाजले. वस्तुतः मुंबईत सुमारे दीड लाख माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास झालेला होता. ११ लाख भारतीय घरांच्या पाहणीवर आधारलेला धूम्रपान व मृत्यू यांविषयीचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात विडीचा वेगळा विचार होता. पण आमचा आक्षेप विधान चुकीचे होते एवढाच नाही. जी संस्था कायद्याच्या चौकटीची तपासणी करण्यासाठी घडवलेली आहे, तिच्यापाशी वैद्यकीय पुरावा तोलण्याचे साधन नसते. ती त्या क्षेत्रात शिरली की असेच होणार.

दुसरा आक्षेप वाटेचा. हा आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. २००३ च्या अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनाचे तीस दिवस ठेवावयाचा असतो. नियमात फेरबदल व्हावा किंवा नियम होऊच नये, असे दोन्ही सभागृहांना एकमताने वाटले तरच तसे होते. म्हणजे संसदेला नियम अडवण्याचा मार्ग होता, आणि तो दोन सभागृहांच्या उघड्या दारांतून जात होता. प्रत्यक्षात एका सभागृहाच्या पंधरा सदस्यांच्या समितीची शिफारस व मंत्रालयाची अधिसूचना एवढ्यावर नियम वर्षभर थांबला. यात अवैध असे काही नाही असे म्हणता येईल. नियम करणाऱ्या शासनाला तो पुढे ढकलण्याचाही अधिकार असतो. तथापि त्यामुळे जबाबदारीची साखळी तुटते. मंत्रालय समितीकडे बोट दाखवते, समिती केवळ शिफारस केली म्हणते, आणि सभागृहाला कोणी विचारलेलेच नसते.

याउलट २००७ चे उदाहरण पाहावे. मूळ अधिनियमातील कवटी व हाडांच्या चित्राची सक्ती काढावयाची होती, तेव्हा ती अधिनियमात दुरुस्ती करून काढली गेली. तो बदल कोणाला पटो वा न पटो, तो विधेयकाच्या रूपाने संसदेसमोर आला आणि त्याची जबाबदारी संसदेवर राहिली. विडीच्या हिताची बाजू मांडण्याला आमचा विरोध नाही. ती कोठे मांडली जाते याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

तिसरा आक्षेप हितसंबंधाचा. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडी उद्योगातले होते. ते समितीवर असावेत काय, यावर त्या वेळी टीका झाली. ज्या सदस्याचा विषयाशी वैयक्तिक किंवा आर्थिक संबंध निकटचा असेल त्याच्या समितीतील समावेशाला हरकत घेण्याची तरतूद लोकसभेच्या नियम २५५ मध्ये आहे. येथे भंडाऱ्याच्या वाचकाने घाईने न्याय करू नये. विडी उद्योग व सार्वजनिक जीवन यांचा संबंध या भागात नवा नाही. गोंदियाचे मनोहरभाई पटेल विडी उद्योजकही होते, विधानसभेचे सदस्यही होते आणि शिक्षणसंस्थेचे संस्थापकही होते. उद्योगातील माणसाने राजकारणात येऊ नये असे कोणी म्हणणार नाही, आणि सभागृहात तो आपल्या उद्योगाची बाजू उघडपणे मांडू शकतो. पण देखरेख समितीचे आसन न्यायासनाजवळचे आहे. तेथे बसणाऱ्याचा हात वादातील वस्तूवर असू नये, हा साधा नियम आहे.

(६)

या टीकेला एक उत्तर आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. कोणी म्हणेल, तुम्ही कार्यपद्धतीच्या कलमांत रमला आहात, पण घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो बायांचे पोट समितीला दिसले. दिल्लीच्या अधिकाऱ्याने बंडलाचा आकार न पाहता सिगारेटच्या पाकिटासाठी योग्य असलेले प्रमाण विडीला लावले, तर कामगाराच्या प्रतिनिधीने गप्प बसावे काय? यात तथ्य आहे. हाताने गुंडाळलेल्या बारीक कागदी बंडलावर मोठे चित्र बसवण्यात व्यावहारिक अडचण असू शकते, आणि ती नियम करणाऱ्यांनी आधीच ऐकावयास हवी. नियमाचा मसुदा ज्यांना लागू होणार त्यांच्यापुढे ठेवून त्यांच्या हरकती घेण्याची रीत अशासाठीच आहे.

पण कामगाराचे पोट हा युक्तिवाद मालकाच्या युक्तिवादाबरोबर एकाच गाडीत बसून येतो, हे आपण ओळखले पाहिजे. १९५० साली न्यायालयात एक विडी कारखानदार व एक कामगार असे दोघे अर्जदार होते. तेथे दोघांचे हित खरोखर एक होते, कारण बंदीने दोघांचेही काम बंद झाले होते. २०१५ साली तसे होते काय? चित्र मोठे झाल्याने विक्री घटेल, म्हणून कामगाराची मजुरी बुडेल, असा हा तर्क आहे. मजुरीचा प्रश्न इतक्या लांबच्या वाटेने सोडवण्याची गरज नाही, कारण जवळची वाटही नियमांतूनच जाते.

ती वाट अशी. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी अधिनियम केला आणि महाराष्ट्र शासनाने १९६८ साली त्याखाली नियम केले. सट्टेदार पाने व तंबाखू देतो, बाई घरी विड्या वळते, आणि मोजणीच्या वेळी काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात. या छाटीची मजुरी तिला मिळत नाही. छाट किती काढता येईल यावर १९६८ च्या नियमांनी मर्यादा घातली. मालकांनी ती तरतूद न्यायालयात नेली, आणि १९७४ साली मंगलोर गणेश विडी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमाबरोबर ही मर्यादाही ग्राह्य मानली. अनेक दशके भंडाऱ्याच्या विडी कामगाराच्या मजुरीचे जे काही संरक्षण होते ते अशा एका ओळीच्या नियमात होते. ही मर्यादा कागदावरून मोजणीच्या जागी पोचली काय, हे विचारणे कामगाराच्या पोटाची खरी काळजी करणाऱ्या कोणत्याही विधिमंडळ समितीच्या कक्षेत पूर्णपणे बसते. सोपवलेली सत्ता नीट वापरली जाते काय, या प्रश्नाचाच तो भाग आहे. त्यासाठी कर्करोगाच्या संशोधनावर मत देण्याची आवश्यकता नाही.

(७)

हा विचार आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. १९६६ चा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेत 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' हे शब्द जागोजाग येतात. याचा अर्थ असा की पूर्वी अधिनियमात असलेल्या कितीतरी गोष्टी आता नियमांच्या स्वाधीन झाल्या आहेत. छाटीवरील मर्यादेसारख्या तरतुदी कोणत्या शब्दांत येतात किंवा गळून पडतात, हे नियमच ठरवणार. १९७९ च्या अ‍ॅटलस सायकल प्रकरणात, अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की सभागृहापुढे न ठेवल्याने आदेश आपोआप शून्य होत नाही. म्हणजे विधिमंडळाने स्वतः लक्ष दिले नाही, तर न्यायालय त्याच्या वतीने ते देईलच असे नाही.

म्हणून देखरेख समितीकडून तीन माफक अपेक्षा कराव्याशा वाटतात. तिने नियमाचे गुणदोष न तोलता त्याचा अधिकार व अंमल तपासावा. तिला धोरणच खटकत असेल, तर तिने तो प्रश्न सभागृहाकडे परत पाठवावा आणि सभागृहाने उघड मतदानाने निकाल द्यावा. आणि तिच्या सदस्यांनी विषयाशी आपला संबंध सुरुवातीलाच सांगून आवश्यक तेथे बाजूला व्हावे. या अपेक्षांत नवे असे काही नाही. पहिल्या दोन नियम ३१७, ३२० आणि २००३ च्या अधिनियमाचे कलम ३१ यांतच सामावलेल्या आहेत, आणि तिसरीचा आधार नियम २५५ मध्ये आहे.

२०१५ च्या समितीवर कामगाराची बाजू घेतल्याचा दोष कोणी ठेवू नये. तिचा दोष असा की तिने आपले काम सोडून दुसऱ्याचे काम हाती घेतले, आणि त्यामुळे तिचे स्वतःचे काम तसेच राहिले. तंबाखूच्या वेष्टनावर किती चित्र असावे याचा निर्णय अखेर लागलाच. भंडाऱ्यातील त्या बाईच्या सुपातून छाट किती निघते आणि ती कोणत्या नियमाने निघते, हे मात्र कोणत्या समितीने मोजणीच्या जागी जाऊन विचारले, याचे उत्तर आपल्या विधिमंडळांनी अद्याप द्यावयाचे आहे.